दोनशेपैकी दोनशे, पण कशाचे?

९ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीत 'स्वच्छ वायू सर्वेक्षणा'चे निकाल जाहीर झाले आणि ३ ते १० लाख लोकसंख्येच्या गटात अमरावती देशात पहिली आली. गुण: २०० पैकी २००. २०२३ मध्येही अमरावती पहिली होती, २०२४ मध्ये दुसरी. म्हणजे हा काही एका वर्षाचा नशिबाचा खेळ नाही. महापालिकेतल्या लोकांनी सातत्यानं काम केलं, त्याचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

आता तुमच्याकडे येऊ. पर्यावरणशास्त्र, भूगोल, लोकप्रशासन किंवा अर्थशास्त्रात पीएचडीची तयारी करणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी वहीत असा एखादा विषय लिहिलेला असणार: 'हवेची गुणवत्ता सुधारण्यात स्थानिक नेतृत्वाची भूमिका: पुरस्कारप्राप्त शहरांचा अभ्यास'. किंवा 'हरित पुरस्कार मिळवणाऱ्या उद्योगांचा अभ्यास'. विषय चांगला आहे, पण त्यात एक गोष्ट न तपासता धरून चाललेली आहे: ज्याला पुरस्कार मिळाला त्यानं हवा सुधारली. आजची पोस्ट या एका गृहीतकावर आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्याकडचे हवेचे पुरस्कार मुख्यतः कामाचे पुरस्कार आहेत, हवेचे नाहीत. त्यापेक्षा गंभीर गोष्ट अशी, की हवा ज्यांच्यामुळे सर्वात जास्त बिघडते ते या यादीत दिसतच नाहीत. आणि जे थोडेबहुत संशोधन उपलब्ध आहे त्यावरून वाटतं, की बदल घडवायचा असेल तर त्यांचं नाव दिसणं जास्त महत्त्वाचं आहे.

आधी गुणपत्रिका बघा

कुठलाही निर्देशांक वापरण्याआधी तो कशाचा बनला आहे ते उघडून बघायचं, ही सवय आत्ताच लावून घ्या. स्वच्छ वायू सर्वेक्षणात २०० गुण आठ भागांत वाटलेले आहेत. कचरा आणि पालापाचोळा जाळण्यावर नियंत्रण, रस्त्यावरची धूळ, वाहनांचा धूर, उद्योगांचं प्रदूषण, या चारांना प्रत्येकी ४०. इतर स्रोतांना २०. बांधकामाच्या राडारोड्याच्या धुळीला १०. जनजागृतीला ५. आणि पीएम १० मध्ये प्रत्यक्ष झालेल्या सुधारणेला ५.

शेवटची ओळ परत वाचा. पीएम १० म्हणजे १० मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण, जे श्वासावाटे आत जातात. ते कमी झाले का, या प्रश्नाला २०० पैकी ५ गुण. म्हणजे अडीच टक्के. जनजागृतीच्या फलकांना आणि प्रभातफेऱ्यांनाही तेवढेच.

आता एक साधं गणित करू. समजा एखाद्या शहरानं सगळी कामं केली, सगळी कागदपत्रं नीट भरली, पण हवेत काडीचा फरक पडला नाही. त्याला १९५ गुण मिळू शकतात. २०२५ मध्ये १० लाखांवरच्या गटात आग्रा आणि सुरत १९६ गुणांवर संयुक्त तिसरे होते. ३ लाखांखालच्या गटात देवास १९३ गुणांवर पहिलं आलं. म्हणजे हे आपलं काल्पनिक शहर लहान गटात थेट पहिल्या क्रमांकावर बसलं असतं! या शहरांची हवा सुधारली नाही असा याचा अर्थ अजिबात नाही, हं. अर्थ एवढाच, की हवा सुधारली की नाही हे या गुणांवरून कळत नाही. ते वेगळं तपासावं लागतं.

संशोधनाच्या भाषेत याला तीन पायऱ्या असतात: निविष्टी, कृती आणि परिणाम. निधी किती आला, ही निविष्टी. किती किलोमीटर रस्ते यंत्रानं झाडले, ही कृती. श्वासातली धूळ किती घटली, हा परिणाम. सर्वेक्षणाचे गुण बहुतांशी मधल्या पायरीवर उभे आहेत. तुमच्या प्रबंधात तुम्ही ते परिणाम म्हणून वापरलेत, तर व्हायवामध्ये पहिला प्रश्न इथेच येणार.

दुसरी बाजूही नीट मांडू

टीका करायची तर समोरच्याची सगळ्यात भक्कम बाजू घेऊन करावी. ज्यांनी ही गुणपद्धत आखली त्यांना काय म्हणता येईल?

पहिलं, हवा महापालिकेच्या हद्दीत राहत नाही. शेजारच्या तालुक्यातला धूर वाऱ्यानं आत येतो. दुसरं, पाऊस आणि वारा कुणाच्या हातात नाहीत. मुंबईला समुद्रावरचा वारा रोज धुऊन काढतो, नागपूरला ती सोय नाही. पाऊस जरा लांबला की वार्षिक सरासरी खाली येते आणि आयुक्तांनी काहीही न करता 'सुधारणा' दिसते. फक्त मोजमापावर गुण दिले असते, तर किनाऱ्यावरची शहरं बसल्या बसल्या जिंकली असती आणि बिचारं गंगेच्या खोऱ्यातलं शहर कितीही राबलं तरी मागेच राहिलं असतं. मग जे हातात आहे त्यालाच गुण द्यावेत, हे न्याय्य नाही का?

हा युक्तिवाद खोडून काढण्यासारखा नाही. मला तो बऱ्याच अंशी पटतो. पण त्यातून निघणारं उत्तर 'परिणामाला अडीच टक्के' हे नव्हे. पाऊस, वारा, तापमान यांचा हिशेब वजा करून उरलेला बदल काढण्याच्या सांख्यिकी पद्धती आज सर्रास वापरात आहेत. ज्यांना हवामानाचा विदा हाताळता येतो अशा एमएस्सीच्या विद्यार्थ्यालाही त्या जमतील. म्हणजे कामाचे गुण एका रकान्यात आणि हवामान वजा जाता उरलेला बदल दुसऱ्या रकान्यात, असं शेजारी शेजारी छापता येईल. दोन्ही एकाच बेरजेत घातले, की वाचणाऱ्याला वाटतं 'स्वच्छ वायू' म्हणजे हवाच स्वच्छ. नाव हवेचं आणि गुण झाडूचे, अशी गल्लत होते.

बरं, जे ५ गुण आहेत ते कशावर? पीएम १० वर. अडीच मायक्रोमीटरच्या आतले कण, ज्याला आपण पीएम २.५ म्हणतो, ते फुफ्फुसात खोलवर जातात आणि जास्त करून जळण्यातून येतात: इंजिन, चूल, भट्टी, कोळसा. रस्ता झाडून मोठी धूळ कमी होईल, बारीक धूर तसाच राहील. ज्याचे गुण असतात त्याचंच काम होतं, हा अनुभव तर आपल्याला परीक्षांमुळेच आहे. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात जे सांगितलं, त्याचा मथितार्थ हाच: मापाचंच उद्दिष्ट केलं की ते चांगलं माप राहत नाही.

आणखी एक गोष्ट जाता जाता नोंदवून ठेवा. वरच्या शहरांचे गुण २००, १९९, १९८.५, १९७.६ असे आहेत. सगळेच छताला टेकलेत. परीक्षा इतकी सोपी झाली की पहिल्या दहांत फरक कळेना, तर त्या क्रमांकावरून पुढचं विश्लेषण करण्यात फारसा अर्थ उरत नाही. एखाद्या प्रश्नावलीत नव्वद टक्के लोकांनी 'पूर्ण सहमत' टिक केलं तर आपण काय म्हणतो? प्रश्न बदला.

अमरावती आणि चंद्रपूर एकाच वर्गात

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या साधारण साडेसहा लाख, चंद्रपूरची साधारण सव्वातीन लाख. म्हणजे लोकसंख्येच्या हिशेबानं दोन्ही एकाच गटात आणि दोन्हींना एकच प्रश्नपत्रिका.

आता चंद्रपूरकडे बघा. शहराला लागून २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, कोळशाची वाहतूक, राख. महापालिकेच्या आयुक्तांच्या हातात काय आहे? रस्ते, कचरा, बांधकाम परवाने, झाडं. वीजकेंद्र राज्य सरकारच्या कंपनीचं. खाणी केंद्र सरकारच्या कंपनीच्या. चिमणीतून काय बाहेर पडावं याची संमती देण्याचा आणि मोडली तर कारवाई करण्याचा अधिकार १९८१ च्या हवा कायद्यानुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. ज्याच्या हातात चिमणी नाही त्याला चिमणीचा पेपर सोडवायला बसवलंय.

म्हणून 'स्थानिक नेतृत्व' हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकात घालण्याआधी एक तक्ता करा. डाव्या बाजूला प्रदूषणाचे स्रोत, उजव्या बाजूला त्यावर कायदेशीर अधिकार कुणाचा. ज्या शहरात उजव्या रकान्यात महापालिकेचं नाव वारंवार येतं तिथे नेतृत्वाचा परिणाम शोधणं शहाणपणाचं. जिथे येत नाही तिथे पुरस्कार न मिळणं हे नेतृत्वाचं अपयश ठरत नाही, आणि पुरस्कार मिळालाच तरी तो त्याचा पुरावा होत नाही. चंद्रपूरच्या एखाद्या नगरसेवकानं वीस वर्षं राखेविरुद्ध अर्ज केले असतील, पण त्याला देण्यासाठी या गुणपत्रिकेत रकाना नाही. आपण अभ्यासासाठी नेते 'पुरस्कारांच्या यादीतून' निवडले की असे लोक आपोआप गळतात. निवडीतला पूर्वग्रह म्हणतात तो हाच, आणि तो प्रश्नावली वाटण्याच्या कितीतरी आधी घुसलेला असतो.

उद्योग: पदक द्यावं की तारे?

उद्योगांच्या पुरस्कारांचं दुखणं वेगळं आहे. तिथे साधारणपणे कंपनीच अर्ज करते, माहिती कंपनीच देते, कधी कधी अर्जाचं शुल्कही भरते. मग यादीत कोण येणार? ज्यांचं काम आधीच बरं आहे आणि ज्यांच्याकडे अर्ज लिहायला स्वतंत्र विभाग आहे ते. ज्याची चिमणी काळा धूर ओकते तो कशाला अर्ज करेल?

याला पर्याय आहे आणि तो आपल्याच राज्यात झाला आहे. जून २०१७ मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं बाहेरच्या विद्यापीठांतल्या संशोधकांच्या मदतीनं उद्योगांना तारे देण्याची योजना सुरू केली. चिमणीतून घेतलेल्या नमुन्यांत कणांचं प्रमाण किती, यावरून एक ते पाच तारे. पाच म्हणजे चांगला, एक म्हणजे वाईट, आणि हे सगळं लोकांना बघता येईल असं संकेतस्थळावर. फरक लक्षात आला का? इथे कुणी अर्ज करत नाही, आणि एक तारेवाल्याचंही नाव दिसतं. पुरस्काराच्या यादीला फक्त वरचं टोक असतं. ताऱ्यांच्या यादीला दोन्ही टोकं असतात.

पण दोन्ही टोकं दाखवल्यानं खरंच काही होतं का? इथे जुनं संशोधन उपयोगी पडतं. इंडोनेशियात १९९५ मध्ये 'प्रोपर' नावाची योजना आली. कारखान्यांना पाच रंग: सोनेरी, हिरवा, निळा, लाल, काळा. पहिल्या फेरीत १८७ कारखाने होते. त्यात सोनेरी एकही नाही, हिरवे ५, निळे ६१, लाल ११५, काळे ६. सरकारनं आधी फक्त पाच हिरव्यांची नावं समारंभात जाहीर केली. बाकीच्यांना सांगितलं, काही महिने देतो, सुधारा, मग तुमचीही नावं येणार. पुढे या योजनेचा अभ्यास झाला तेव्हा सर्वात ठळक आणि लगेच प्रतिसाद आधी नियम न पाळणाऱ्या कारखान्यांत दिसला.

भारतात दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी असंच मानांकन सुरू केलं, सुरुवात कागद कारखान्यांपासून. त्याचा परिणाम तपासणारा निकोलस पॉवर्स आणि सहकाऱ्यांचा निबंध २०११ मध्ये आला. निष्कर्ष: मानांकनानंतर जे कारखाने घाण होते त्यांचं प्रदूषण लक्षणीय कमी झालं. जे आधीपासून स्वच्छ होते त्यांच्यात तसा बदल दिसला नाही.

हे दोन्ही अभ्यास मुख्यतः सांडपाण्याबद्दलचे आहेत, धुराबद्दलचे नाहीत. साहित्य आढाव्यात ही ओळ लिहायला विसरू नका. पण त्यातून जी शंका उभी राहते ती हवेलाही लागू आहे: फक्त चांगल्यांचा सत्कार करणारी योजना नेमकी अशा लोकांवर खर्च होते, ज्यांच्याकडून आणखी फारसं काही मिळणार नाही.

तुमच्यातला एखादा हुशार इथे हात वर करेल. 'मॅडम, सगळ्यात वाईट असणारे पुढच्या मोजणीत थोडे बरे दिसणारच. तो नुसता सरासरीकडे परतण्याचा प्रकार कशावरून नाही?' बरोबर आहे शंका. सगळ्यात कमी गुण मिळालेला मुलगा पुढच्या चाचणीत शिकवणी न लावताही थोडा वर येतो. म्हणूनच मानांकन न झालेला तुलना गट लागतो, आणि शक्य असेल तर कुणाला योजना लागू होणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. चिठ्ठ्या टाकून केलेले असे दोन प्रयोग शेजारच्या गुजरातेत झाले आहेत.

मोजणारा कुणाचा नोकर?

पहिला प्रयोग एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांचा, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला. गुजरातेत कारखान्यांचं पर्यावरण लेखापरीक्षण खाजगी परीक्षक करत. परीक्षक कारखान्यानंच निवडायचा आणि फीही कारखान्यानंच द्यायची. अहवालातले आकडे बघितले तर ते मर्यादेच्या जरासे खाली अशी गर्दी करून बसलेले. प्रत्यक्षात प्रदूषण बहुधा जास्त होतं. संशोधकांनी काही कारखान्यांसाठी परीक्षक चिठ्ठीनं नेमले, फी एका सामायिक निधीतून ठरावीक दिली, आणि अधूनमधून त्याच जागी फेरमोजणी केली. परीक्षक खरं लिहायला लागले. आणि मजा म्हणजे, त्यानंतर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं.

दुसरा सुरतेचा. २०१९ मध्ये तिथे कणप्रदूषणाचा परवाना-बाजार सुरू झाला. ३१७ कारखाने, त्यातल्या साधारण निम्म्यांना चिठ्ठीनं बाजारात घेतलं, बाकी जुन्याच नियमांखाली ठेवले. दोन्ही गटांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं होती, त्यामुळे नुसत्या मोजणीचा परिणाम आणि बाजाराचा परिणाम वेगळा करता आला. बाजारात असलेल्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी निघालं. आणखी एक बारकावा: इथे मर्यादा एकूण किती किलो कण सोडले यावर होती, एका घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम यावर नव्हती. हा फरक महत्त्वाचा. कारखाना दोन पाळ्यांऐवजी तीन पाळ्या चालला तर प्रमाण तेच राहतं, पण गावाच्या वाट्याला येणारा धूर दीडपट होतो. तारे देतानाही हा प्रश्न विचारावा लागेल.

सुरत २०२४ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात मोठ्या शहरांत पहिली आली होती. पण तो पुरस्कार हा त्या बाजाराच्या यशाचा पुरावा नाही, आणि बाजाराचा प्रयोग हा पुरस्काराचा पुरावा नाही. एकाच शहराबद्दलच्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत शहरानं स्वतःचं मूल्यमापन 'प्राण' पोर्टलवर भरलं आणि सरकारी यंत्रणेनं ते तपासलं. दुसरीत तुलना गट होता. तुमच्या प्रबंधात कुठली कशाला आधार म्हणून वापरायची, हे आता तुम्हाला कळलं असेल.

मोजणीबद्दल एक शेवटचं. आपल्याकडची पीएम १० ची बरीच केंद्रं हातानं चालवली जातात: आठवड्यातून दोनदा, वर्षाला जास्तीत जास्त १०४ नोंदी. केंद्र कॉलेजच्या गच्चीवर आहे की ट्रक टर्मिनलजवळ, यावर शहराची हवा 'चांगली' की 'वाईट' ठरू शकते. तुमच्या शहराची केंद्रं एकदा नकाशावर मांडा आणि त्यावर वस्त्या ठेवा. भट्टीजवळच्या झोपडपट्टीपासून सगळ्यात जवळचं केंद्र किती लांब आहे ते मोजा. ती वस्ती पुरस्काराच्या गुणांतही नाही आणि सरासरीतही नाही.

मग पुरस्कार बंद करावेत?

नाही. महाराष्ट्राला स्पर्धेची ताकद माहीत आहे. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. ज्यांच्या नावानं ते झालं ते गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावं हातात झाडू घेऊन उतरली, ते पैशापेक्षा गावाच्या नावासाठी. ही ऊर्जा खरी होती. पण पुढे केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला, गावोगावी कमानी उभ्या राहिल्या, आणि नंतरच्या पडताळण्यांत पुरस्कार मिळालेल्या बऱ्याच गावांत शौचालयं वापरात नसल्याचं आढळलं. पुरस्कार एकदाच मिळतो, तो परत कुणी घेत नाही. फलक राहतो, सवय जाते.

हवेच्या पुरस्काराचं तेच होऊ द्यायचं नसेल तर तीन बदल पुरेसे आहेत, आणि तिन्ही करता येण्यासारखे आहेत. कामाचे गुण आणि हवेतला बदल वेगळे छापावेत. पहिल्या तिघांबरोबर संपूर्ण यादी, शेवटच्या नावासकट आणि प्रत्येक रकान्याच्या गुणांसकट, सहज सापडेल अशी ठेवावी. आणि जिंकलेल्या शहराची दोन वर्षांनी, चिठ्ठीनं नेमलेल्या त्रयस्थाकडून, फेरमोजणी व्हावी. अमरावतीला याची भीती वाटण्याचं काही कारण नाही. उलट तिथल्या सफाई कामगारांच्या कामाला त्यामुळे जास्त वजन येईल, कारण मग कुणाला 'कागदावरचे गुण' म्हणता येणार नाही.

आता तुमच्या वहीतला विषय परत काढा. 'पुरस्कारप्राप्त शहरांचा अभ्यास' खोडून असं काहीतरी लिहून बघा: 'राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या महाराष्ट्रातील १९ शहरांमध्ये, हवामानाचा परिणाम वजा करता, पीएम १० मधील बदल आणि सर्वेक्षणातले गुण यांचा संबंध'. शीर्षक रुक्ष झालं खरं. पण याचं उत्तर 'हो' येऊ शकतं आणि 'नाही'ही येऊ शकतं. आधीच्या विषयाचं उत्तर शीर्षकातच ठरलेलं होतं.

१९ हा आकडा लहान आहे, त्यातून मोठे दावे करता येणार नाहीत, हे गाईड लगेच म्हणतील. त्यांना सांगा, देशभरातली १३० शहरं घेते, पण आधी या १९ शहरांचा विदा स्वच्छ करून बघते. आणि आजपासून एक काम सुरू करा. आपल्या शहराची सर्वेक्षणातली जागा, आठही रकान्यांतले गुण मिळाले तर ते, गेल्या पाच वर्षांची पीएम १० ची वार्षिक सरासरी आणि पावसाचे दिवस एका एक्सेल शीटमध्ये उतरवा. गुण मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, त्याला दहा रुपये लागतात. तक्ता भरताना ज्या रकान्यात अडाल तो कमेंटमध्ये सांगा, तिथून पुढची पोस्ट लिहू.